पट्टा सरकला

श्रीवर्धनात जानेवारीतली थंडी म्हणजे पहाटे अंगावर पंचा ओढून घ्यावा इतपत. नऊला ती संपते आणि दहाला अंगणात वाळत घातलेली सुपारी हाताला चटका देते. अशाच एका सकाळी तात्या ओटीवरच्या झोपाळ्यात बसून, मोबाइल तोंडासमोर आरशासारखा धरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "नऊ इंच! फार तर दहा. शाळा बंद ठेवतील, पण तू घाबरू नको. पट्टा समुद्राकडे सरकणार आहे."

पलीकडे मुलगी होती. न्यू जर्सीत, एडिसनला. तिकडे आदल्या रात्रीचे अकरा वाजले होते आणि हिमवादळ चोवीस तासांवर आलं होतं. तात्यांनी जन्मात बर्फ पाहिलाय तो दोनच ठिकाणी : जीवना बंदरावर मासळीच्या टपात आणि गोळेवाल्याच्या रंध्यावर. पण आपण अमेरिकेच्या साडेदहा तास पुढे आहोत, तेव्हा तिकडचं हवामान आधी आपल्यालाच कळणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

गावात त्यांना 'वेधशाळा' म्हणतात. तोंडावरसुद्धा. "वेधशाळा, आज सुपारी पसरू का?" असं विचारलं की ते रागावत नाहीत. रागावतात ते 'अॅपवर तर ऊन दाखवतंय' असं कोणी म्हटलं तर.

अशी माणसं कोकणात गावोगाव असतात. देशावर ती पारावर बसतात, आमच्याकडे ओटीवर, एवढाच फरक. पण आमच्या वेधशाळेचं एक वैशिष्ट्य आहे. तात्या शाळेत मराठीचे मास्तर होते. भूगोलाचे नव्हे. हवामानाचा अंदाज वर्तवायला भूगोल नाही, व्याकरण लागतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. 'पाऊस पडेल' असं साधं भविष्यकाळी वाक्य त्यांनी आजवर उच्चारलेलं नाही. 'वातावरण आहे.' 'धरलंय खरं.' 'पडायला हरकत नाही.' ही तिन्ही वाक्यं दुसऱ्या दिवशी कशीही वाचता येतात. आणि पाऊस नाहीच पडला तर, "अरे, पडला ना! म्हसळ्याला विचार. पट्टा सरकला." म्हसळ्याला कोणी फोन करून विचारत नाही. विचारलंच, तर माणगाव आहे.

साधनं म्हणाल तर पुष्कळ. अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी वनस्पती तुपाचा जुना डबा, आत उभी केलेली शाळेतली फूटपट्टी : हे पर्जन्यमापक. मांजर पाणी पिऊन गेलं तर त्या दिवशी आकडा कमी येतो, आणि तशी नोंदही होते : 'मांजर वजा जाता'. भिंतीवर औषध कंपनीनं दिलेला तापमापक. मिठाची बरणी, कारण हवेत ओल वाढली की मीठ पाझरतं. आणि डावा गुडघा. समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की गुडघा आधी बोलतो, उपग्रह मागाहून. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चतुर खाली उडायला लागले, कावळ्यानं घरटं कितव्या फांदीवर बांधलं, बहावा कधी फुलला, सगळ्याची टिपणं. पंचांग तर हाताशीच. नक्षत्रं मोजायची, नवानं भागायचं, बाकी उरेल ते पावसाच्या नक्षत्राचं वाहन. तीन उरले तर बेडूक, सात उरले तर म्हैस, काहीच उरलं नाही तर हत्ती. हे तिघं पाण्याचे. आठ उरले की गाढव, मग ते नक्षत्र कसं जाईल ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र ते कधीच चुकत नाहीत. भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार इकडेतिकडे, पण समुद्र ऐकतो. हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही. बंदरावरच्या पोरासोरांनाही ते येतं. मग त्यात वेधशाळेची काय शोभा?

तात्यांचं खरं वैर कुलाब्याशी. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेचा उल्लेख ते भाऊबंदकीतल्या चुलत्यासारखा करतात. "कुलाब्याचं काय म्हणणं आज?" त्यात आणखी एक दुखणं. आमचा जिल्हाच १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा. नाव बदलून रायगड झालं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, तात्यांना जरा जास्तच. हवामान खातं १८७५ सालचं आहे, असं मी एकदा म्हणालो. "पेशवे त्याच्या आधीचे," तात्या म्हणाले. बाळाजी विश्वनाथ इथलेच, हे खरं; पण त्यांचा पावसाच्या अंदाजाशी संबंध काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

सगळ्यात बघण्यासारखी त्यांची वही. जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. अंदाज पेन्सिलीनं लिहायचा. खरा ठरला की त्यावरून पेन फिरवायचं. खोटा ठरला की खोडरबर. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत या वहीत एकही चुकीचा अंदाज नाही. काही पानं नुसती कोरी आणि जरा काळपट आहेत, तेवढंच.

मुलगी अमेरिकेला गेली आणि वेधशाळेचं कार्यक्षेत्र वाढलं. नातीनं मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत भोवरे फिरणारा नकाशा उतरवून दिला. मग तात्यांना दोन शब्द सापडले : 'युरोपियन' आणि 'अमेरिकन'. ही संगणकाची गणितं आहेत, दोन्हीकडून वेगवेगळी उत्तरं येतात. तात्या पहिल्या दिवसापासून युरोपियनचे. का, तर ते जास्त पाणी दाखवतं. कोकणी माणूस कमी पाण्याच्या बाजूनं बोलेल कसा? तिकडच्या मोठ्या हिमवादळांत वारा ईशान्येकडून येतो आणि वादळाला नावही त्यावरूनच पडलंय, हे कळल्यावर तर त्यांना तो आपला घरचाच मामला वाटू लागला. मग एक दिवस मुलगी सहज बोलून गेली, एक इंच पावसाचा साधारण दहा इंच बर्फ होतो. तात्या पेन्सिल घेऊन बसले. समजा इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. म्हणजे तीन मीटर. त्याचा बर्फ केला तर तीस मीटर. त्यांनी मान वर करून परसातल्या माडाकडे पाहिलं. "शेंडा बुडाला," ते हळूच म्हणाले. "शेंड्यावरून चालत जीवना बंदर." त्या दिवसापासून अमेरिकेच्या बर्फाविषयी त्यांच्या मनात थोडी कीवच आहे.

२०१५ च्या जानेवारीत मात्र युरोपियननं त्यांना तोंडावर पाडलं. न्यूयॉर्कला दोन-तीन फूट बर्फ पडणार म्हणून बोंब झाली, रात्री भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. तात्यांनी आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं, मुलीला मेणबत्त्या आणायला लावल्या. सकाळी सेंट्रल पार्कात दहा इंचसुद्धा भरला नाही, ९.८ भरला. वादळ थोडं पूर्वेला सरकून लाँग आयलंडच्या टोकाला आणि बॉस्टनला बडवून गेलं. इथपर्यंत तात्यांना काहीच नवीन नव्हतं. पण न्यू जर्सीतल्या सरकारी हवामान कचेरीतल्या एका अंदाजकारानं चक्क जाहीर माफी मागितली. ती बातमी मुलीनं वाचून दाखवली तेव्हा तात्या झोपाळ्यावरून उठून उभे राहिले.

"माफी? माफी कशाला? पट्टा सरकला म्हणायचं!"

"तो खरंच सरकलाच होता, बाबा."

"मग तर झालंच! खरं असूनही माफी मागतो म्हणजे या माणसाला धंदाच कळला नाही."

तिकडे २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात घुशीसारखा एक प्राणी बिळातून काढतात आणि त्याला आपली सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे, असं धरतात, हेही त्यांना कळलं. मला वाटलं, हसतील. ते गंभीर झाले. "एकच प्राणी?" म्हणाले. "आपल्याकडे नऊ आहेत."

इथवर तात्यांची गंमत. आता २०२०.

त्याच्या आदल्या वर्षी अरबी समुद्रात झालेल्या चक्रीवादळांपैकी वायू, क्यार आणि महा ही तिन्ही आमच्या किनाऱ्याला बगल देऊन गेली. तिन्ही वेळा तात्यांनी 'वर सरकेल नाहीतर ओमानला जाईल' असं सांगितलं होतं, तिन्ही वेळा वहीत पेन फिरलं. त्यामुळे टाळेबंदीच्या त्या मे अखेरीस 'निसर्ग' नावाचं वादळ निघालं तेव्हा वेधशाळेचा भाव कधी नव्हता इतका चढला होता. कुलाब्यानं सांगितलं, हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये, अलिबागच्या जवळ येणार. तात्यांनी सांगितलं, गुजरात. गुडघा गप्प होता.

३ जून, बुधवार. दुपारी ते आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगावरच आलं, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्यानं. मी त्याचं वर्णन करणार नाही, आळीतला प्रत्येकजण ते करतो आणि प्रत्येकाचं खरं आहे. संध्याकाळी बाहेर पडलो तर रस्ताच ओळखू येईना. घरांवर कौलं नव्हती, पत्रे दुसऱ्याच्या वाडीत होते, आणि ज्या वाड्यांत भर दुपारी काळोख असायचा तिथे आभाळ दिसत होतं. पोफळी मधोमध मोडून पडल्या होत्या, सगळ्या एका दिशेला डोकं करून. श्रीवर्धनी रोठा म्हणून ज्या सुपारीचं नाव आहे तिची ही झाडं. पोफळ लावल्यावर फळायला सहा-सात वर्षं घेते. हा हिशोब त्या संध्याकाळी प्रत्येकजण मनात आपल्या वयात मिळवून बघत होता.

तात्या पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "कुलाबाही चुकला. अलिबाग म्हणाले होते." मी काही बोललो नाही. हरिहरेश्वर ते दमण म्हणाले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा. आळीच्या टोकाचा वड आडवा झाला होता. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, आडव्या वडालाच दोरा गुंडाळला. "निजला असला तरी वडच ना," म्हणाल्या, आणि घरी येऊन तात्यांना दूध दिलं.

त्यानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अॅप नाही, उपग्रह नाही, कुलाबा नाही, युरोपियन नाही. मृग तोंडावर आलेला आणि डोक्यावर छप्पर नाही. सकाळ झाली की माणसं ओटीसमोर येऊन उभी राहत. "तात्या, आज उघडीप आहे का? कौलं चढवू का? तांदूळ उन्हात घालू का?" उभ्या आयुष्यात या माणसाला एवढं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. मला वाटलं, आता काही सुचेल त्यांना, वातावरण आहे म्हणतील, धरलंय म्हणतील. तात्या आभाळाकडे बघायचे, बराच वेळ बघायचे, आणि सगळ्यांना एकच सांगायचे : "ताडपत्री काढू नका."

तो एक अंदाज महिनाभर खरा ठरला.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते निघालं तेव्हा त्यांनी छातीठोकपणे 'येणार' म्हणून सांगितलं. ते गुजरातला गेलं. वेधशाळा पूर्ववत सुरू झाली.

मध्यंतरी त्यांची वही चाळत होतो. २ जून २०२० चं पान लागलं. 'वादळ वर सरकण्याचं लक्षण. गुजरात.' पेन्सिलीनं. पेन फिरवलेलं नव्हतं आणि खोडरबरही लागलेलं नव्हतं. खाली शाईनं पाच ओळी होत्या : माड अकरा, पोफळी दोनशे चौदा, आंबा एक, फणस एक, कौलं सगळी. मी पान उलटलं. तात्यांनी झोपाळ्याला जरा जोरात झोका दिला.

तर, त्या जानेवारीतल्या सकाळी. नऊ इंच की दहा, यावर बापलेकीचं एकमत होईना. अमेरिकन बारा म्हणत होतं, युरोपियन अठरा. तात्या पट्टा सरकवत होते. त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वारा कुठला आहे ते बघायला वर धरलं. श्रीवर्धनच्या वाऱ्यावर एडिसनचा बर्फ.

काकू आतून हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावल्या.

"किती पडायचा तो पडू दे गं. दूध आणून ठेवलंस का? तांदूळ आहेत ना घरात?"

"आणलं, आई. दुकानात रांग होती दुधाला."

"बघ, म्हणजे पडतो," काकू म्हणाल्या, आणि जाता जाता सुपारीवर टाकायची ताडपत्री कोपऱ्यातून ओढून अंगणाच्या कडेला ठेवून गेल्या. आभाळात एक ढग नव्हता.

तात्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.