अकोला ते ओ, व्हाया मूर्तिजापूर

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हामुळे जमावबंदी लागली. थट्टा करत नाही. २५ तारखेला जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं, ते ३१ तारखेपर्यंत. आमचे साडू जठारपेठेत राहतात. त्यांचा मला अमरावतीला फोन आला, "भाऊ, कलम लागलं."

मी दचकलो. "कुठं पेटलं?"

"वरतं," साडू म्हणाले.

त्याच दिवशी नवतपा बसला होता. सूर्य रोहिणीत शिरला की पहिले नऊ दिवस वऱ्हाडाच्या नावानं लिहिलेले. दहानंतर रस्त्यावर कुत्री आणि कुरिअरवाले तेवढे दिसतात, आणि कुत्रीही नालीत बसलेली असतात. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, माठाला ओलं फडकं. अशा एका दुपारी साडूंच्या ऑस्लोत राहणाऱ्या पुतणीनं फोटो पाठवला. समुद्रातून थेट वर गेलेले काळे सुळके, पायथ्याशी खांबांवर उभी केलेली लालभडक लाकडी घरं, आणि पुढं जाकीट घालून, नाक लाल झालेली पुतणी. खाली एकच ओळ होती : काका, इथं आज नऊ डिग्री.

साडूंनी मोबाइल कूलरसमोर धरला आणि फोटो पाहिला. म्हणे असा जास्त गार वाटते.

तिथून सुरुवात झाली. जागेचं नाव लोफोटेन. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंशांच्या आसपास समुद्रात गेलेली बेटांची रांग. एका बेटावरून दुसऱ्यावर पूल नाही तर बोगदा, आणि या सगळ्यांतून ई-१० नावाचा एकच रस्ता. जून-जुलैत तिथं पारा बारा-पंधराच्या आसपास असतो. साडूंनी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली, हळदीकुंकू लावलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'नॉर्वे, उन्हाळा २०२५. गाडी आपलीच चालवायची.' टूरवाल्याच्या झेंड्यामागं मेंढरासारखं फिरणं त्यांना मंजूर नव्हतं. जाणारी माणसं पाच : ते, मेहुणी, मी, आमची ही आणि मोठीआई. मोठीआई म्हणजे साडूंची आई. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात माळ, आणि "मी काई येत नाई बाप्पा" हे वाक्य ती नेहमी पिशवी भरता भरता म्हणते.

पहिली बैठक आमच्याकडं अमरावतीला झाली. गिला वडा आणला होता. पुतणी व्हिडिओ कॉलवर. ती उत्साहानं सांगत होती की काका, मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य मावळतच नाही, मध्यरात्रीसुद्धा ऊन असतं, ते बघायला जगभरातून लोक येतात.

खोलीत शांतता पसरली. साडूंच्या हातातला वडा दह्यात परत गेला.

"म्हंजे, मेच्या शेवटी सुरू होते," मोठीआई सावकाश म्हणाली, "आन् दीड महिना चालते. आपल्याकडं नऊच दिवस तपते."

"आजी, पण ते ऊन वेगळं असतं."

"ऊन वेगळं असते काय? सूर्य तं एकच आहे." मोठीआई साडूंकडं वळली. "तू लाखभर रुपये माणशी देऊन जिथं सूर्य मावळत नाई तिथं जाऊन रायला? इथं तं तो निदान सातले जाते!"

या युक्तिवादाला आजतागायत कुणाला उत्तर सापडलेलं नाही. शेजारचे जैन काका मात्र खुलले. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा त्यांचा नेम. सूर्यास्तच नाही म्हटल्यावर रात्री साडेअकराला आलूबोंडा खाण्यात काय अडचण आहे, असं त्यांनी मोठ्या अभ्यासू चेहऱ्यानं विचारलं. आमच्या हिनं संकष्टीचा विषय काढला. जूनच्या पौर्णिमेच्या सुमारास तिथं चंद्र क्षितिजावर जेमतेम येतो, कधी येतही नाही, हे ऐकून ती उपास सोडायचा की धरूनच बसायचा याचा हिशेब करू लागली. पण खरा प्रश्न मोठीआईनं विचारला.

"मंग दिवा कधी लावाचा?"

पुतणी जरा थांबली. मग म्हणाली, "आजी, मी सातचा अलार्म लावीन. अलार्म वाजला की दिवेलागण."

मोठीआईला ते पटलं. त्या क्षणी ती येणार हे ठरलं.

दुसरी अडचण अंतराची. स्वोल्व्हर हे बेटांवरचं मुख्य गाव. तिथून रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत जेमतेम १३० किलोमीटर. मी नकाशा आपल्या भाषेत करून सांगितला : अमरावतीहून निघायचं, अकोला ओलांडायचं आणि बाळापूरच्या थोडं पुढं थांबायचं. झालं लोफोटेन.

"इतकं तं आपण लग्नाले जाऊन, पंगत जेवून, चार वाजता परत येतो," साडू म्हणाले. "त्याले आठ दिवस कायले पायजेत?"

पाहायला, असं मी म्हणालो. साडूंना हे नवीन होतं. अकोला ते अमरावती या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षांत काय पाहिलं असेल तर मूर्तिजापूरचं फाटक आणि पुढच्या ट्रकची पाठ. आता तर तेही नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला, गिनीज बुकात नाव गेलं, कतारचा विक्रम मोडला. तेव्हापासून साडू कुठल्याही देशाच्या रस्त्याबद्दल बोलताना आधी विचारतात, "किती तासात केला?"

नॉर्वेच्या रस्त्यांचे नियम मी छापून आणले होते. गाडी उजवीकडून चालवायची. वस्तीत वेग ५०, बाहेर ८०. अरुंद ठिकाणी एम लिहिलेली पाटी असते, तिथं थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. ("दोघंही थांबले तं?" साडू. "दोघंही हात दाखवतात," पुतणी. "मंग रात्र होते." "रात्र होत नाही काका.") मेंढ्या खुशाल रस्त्यावर बसतात. हे मात्र आम्हाला येतं. २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांत दहातल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, तेव्हा भाड्यानंही तसलीच मिळण्याचा संभव. यावर साडूंनी वहीत टिपून घेतलं : 'लोडशेडिंगचं टाइमटेबल मागवणे.'

स्टिअरिंग डावीकडं असतं, म्हणजे गिअर उजव्या हाताला. याची सवय व्हावी म्हणून साडू महिनाभर रोज सकाळी डाव्या सीटवर परात धरून बसायचे. गाडी मेहुणी चालवायची. ती डावीकडं वळली की हे परात फिरवायचे, उजवा हात हँडब्रेकवर. भाजीबाजारात लोक आधी थांबून पाहत, मग नमस्कार करत. उजव्या बाजूनं गाडी हाकण्याचा सरावही त्यांनी एकदा जठारपेठेत दहा मिनिटं केला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाजलं ते दिव्यांचं प्रकरण. नॉर्वेत भर दिवसाही हेडलाइट लावून गाडी चालवावी लागते, कायदाच आहे. साडू एका रविवारी दुपारी बाराला अकोल्याहून अमरावतीला निघाले, दिवे लावून. आता आपल्याकडं कुणाचा दिवा दिवसा जळताना दिसला की समोरून येणारा माणूस हात वर करतो, पाची बोटं मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो. ओळख नको, पाळख नको. बोरगाव मंजूपासून बडनेऱ्यापर्यंत तमाम वऱ्हाडानं साडूंना बोटं दाखवली. ट्रकवाल्यांनी, एसटीच्या ड्रायव्हरनं, स्कुटीवरच्या पोरींनी, बैलगाडीवर आडव्या झालेल्या एका माणसानं तर न उठता. सुरुवातीला साडू हसून मान हलवत होते. मूर्तिजापूरजवळ चहाला थांबले तर लुनावरचे एक म्हातारे शेजारी येऊन बॉनेट वाजवू लागले.

"भाऊ, दिवा जळून रायला. बॅटरी उतरन."

"माहीत आहे जी. नॉर्वेत कायदा आहे."

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं, मग गाडीच्या एमएच ३० कडं पाहिलं. "मंग तिथं लावा," म्हणाले आणि स्वतःच आत हात घालून दिवा बंद करून गेले.

खाण्याचा विषय निघाला आणि मोठीआईनं बैठकीचा ताबा घेतला. तेव्हा तिथं साधी कॉफी चाळीस-पन्नास क्रोनरला होती, एक क्रोनर साधारण आठ रुपये. चारशे रुपयांत अख्ख्या बारशाचा चहा होतो, त्यामुळं सगळं इथूनच न्यायचं ठरलं. बेसन, जवसाची चटणी, ठेचा, कुरडया, सांडगे. तूप नाही, कारण दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरच्या देशातून आत नेता येत नाहीत. तुपाशिवाय पुरण कसं खायचं, हा प्रश्न नॉर्वेच्या राजाला विचार म्हणून तिनं पुतणीला दोनदा सांगितलं.

मग पुतणीनं वाळवणाची गोष्ट सांगितली. लोफोटेनमध्ये थंडीत उत्तरेकडच्या समुद्रातून कॉड मासे अंडी घालायला येतात. ते पकडून, डोकी काढून, शेपट्यांशी दोन-दोन बांधून उंच लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, धूर नाही, काही नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नुसत्या गार वाऱ्यावर ते लाकडासारखे टणक होतात. शेकडो वर्षं हाच धंदा. मासे इटलीला जातात, डोकी नायजेरियाला. व्हेनिसच्या एका कप्तानाचं जहाज भरकटून गेलं आणि १४३२ मध्ये त्याची होडी तिथल्या टोकाच्या बेटांना लागली, तिथल्या लोकांनी त्याला खाऊपिऊ घातलं, आणि परत जाताना तो हे वाळवण घेऊन गेला. इटलीला त्याची गोडी तेव्हापासूनची म्हणे.

माळकरी मोठीआई नाकाला पदर लावून ऐकत होती. पण फोटो पाहिला आणि तिचा पदर खाली आला. मैलभर मांडव, त्यावर ओळीनं लटकलेलं वाळवण. हे तिच्या गच्चीवरच्या दोऱ्यांहून वेगळं नव्हतं.

"राखाले कोन बसते?" तिनं विचारलं. "कावळे येत असतीन न."

कावळे येतात, समुद्रपक्षीही येतात, पुतणी म्हणाली. आणि माशांच्या जिभा कापून द्यायचं काम तिथली शाळकरी पोरं करतात, त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे.

"आमच्या पोट्ट्यांनी पापडाले हात नाई लावला जिंदगीत," मोठीआई म्हणाली आणि नॉर्वेजियन लोकांबद्दल तिचं मत कायमचं चांगलं झालं.

रस्ता जिथं संपतो त्या गावाचं नाव मला सगळ्यात आवडलं. नाव एका अक्षराचं. इंग्रजी ए काढायचा आणि त्याच्या डोक्यावर बारीक गोल द्यायचा. ते त्यांच्या बाराखडीतलं शेवटचं अक्षर. उच्चार जवळजवळ आपल्या 'ओ'सारखा. अर्थ ओढा. पाटी इतकी सुटसुटीत की पर्यटक काढून नेतात म्हणे.

"म्हंजे आपण हाक माराचीच नाई," साडू भारावून म्हणाले, "गावच ओ देते!"

त्या रात्री त्यांनी वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहिलं : अकोला ते ओ.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शुभशकुनही झाला. १६ तारखेला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं. अमरावती, मुंबई, ऑस्लो, अशी साखळी मी जाहीर केली तेव्हा साडूंचा चेहरा उतरला, कारण अकोल्याच्या शिवणीच्या धावपट्टीवरून तेव्हा प्रवासी विमान उडत नव्हतं आणि ओ गावाला जाण्यासाठी त्यांना आधी एमएच २७ च्या हद्दीत यावं लागणार होतं. हा अपमान त्यांनी गिळला. ड्रायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्जही त्यांनी मनातल्या मनात भरला. मग एका रात्री आम्ही व्हिसाचा खराखुरा अर्ज भरायला बसलो.

शेंगेनचा नियम असा की परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा. साडूंचा पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपत होता. वहीत तिसऱ्याच पानावर 'पासपोर्ट पाहणे' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढं ठळक टिक होती.

"पाह्यला होता न," साडू म्हणाले. "कपाटात होता. उघडून नाई पाह्यला."

नवा पासपोर्ट, मग व्हिसा केंद्राची तारीख, मग तिकिटं. हिशेब सप्टेंबरच्या पलीकडं गेला. कुणी काही बोललं नाही. परात मेहुणीनं स्वयंपाकघरात परत ठेवली.

आणि त्या वर्षी नवतपाच तपला नाही. मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच येऊन धडकला, आमच्याकडंही ढग, गार वारे. ज्या उन्हापासून पळण्यासाठी वर्षभर वही भरली, ते ऊनच रजेवर गेलं. साडूंना ते सहन होईना. शेवटी जाकिटं, लोकरी मोजे, बेसन, कुरडया, सगळं तसंच्या तसं गाडीत घालून आम्ही पाचजण परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघालो. तूप बरोबर घेतलं.

घाटात धुकं उतरलं होतं. साडूंनी भर दुपारी दिवे लावले. समोरून येणाऱ्या गाड्यांचेही लागलेलेच होते. एकानंही बोटं दाखवली नाहीत, आणि साडू इतके खूश झाले की एका वळणावर विनाकारण थांबून समोरच्या जीपला हातानं 'आधी तुम्ही' केलं. जीपवाला घाबरून मागं गेला.

चिखलदरा १११८ मीटरवर. लोकरी मोज्यांत आम्हाला घाम आला, पण काढले कुणीच नाहीत. संध्याकाळी पंचबोलला गेलो. तिथं दरीत तोंड करून हाक मारली की डोंगर ती पुन्हापुन्हा परत देतात. मोठीआई गाडीतच थांबली होती, सातच्या अलार्मची वाट बघत पेंगत. आधी आमच्या हिनं नाव घेतलं, माझं, वैतागून घेतात तसं. मेहुणी 'हॅलो' म्हणाली. साडू कठड्याशी गेले, मफलर सारखा केला, वही काखेत दाबली आणि पोटातून जोर लावून ओरडले,

"ओऽऽऽ!"

समोरच्या कड्यानं ओ दिली. मग त्याच्या बाजूच्यानं. मग खालून, धुक्यातून.

गाडीची काच खाली आली.

"कोन हाक मारून रायलं रे?" मोठीआईनं विचारलं.