मालकांना विचारून सांगतो

हार्डवेअरच्या दुकानात गेलं की मालक कोण, हे विचारावं लागत नाही. बसलेला असतो तो मालक. उभे असतात ते नोकर. मालकाच्या उजव्या हाताशी गल्ला, डाव्या हाताशी उधारीची वही, डोक्यावर लक्ष्मीचा फोटो आणि कानाला मोबाइल. त्याच दुकानात उभी हयात काढलेला, कुठल्या खणात कुठला एल्बो आणि कुठल्या डब्यात कुठला वॉशर हे झोपेतही सांगेल असा कामगार आपल्याला पाइप मापून देतो, कापून देतो, वर आठवणीनं टेफ्लॉन टेप ठेवतो. मग आपण विचारतो, "कमी किती करणार?" इथे त्याची विद्या संपते. तो गल्ल्याकडे बघतो. मालक फोनवर कोणाला तरी सिमेंटचा भाव सांगत असतात. बोलणं न थांबवता ते दोन बोटं वर करतात. कामगार आपल्याकडे वळतो, "दोन टक्के होतील." साडेपाचशेच्या बिलावर दोन टक्के म्हणजे अकरा रुपये. त्या माणसाच्या हातून आजवर लाखोंचा माल गेला असेल, पण अकरा रुपये काही अजून त्याच्या अखत्यारीत आलेले नाहीत.

आपल्या बाजारपेठेत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कोणतं, अशी कोणी मोजदाद केली तर 'मालकांना विचारून सांगतो' याचा नंबर फार खाली लागणार नाही. मंगल कार्यालयात वीस खुर्च्या वाढवून हव्यात? विचारून सांगतो. छापखान्यात पत्रिकेवरचा गणपती अर्धा इंच वर सरकवायचाय? विचारून सांगतो. साडीचा फॉल कधी लावून मिळेल? तेही विचारूनच. आणि मालक जेवायला गेलेले असतात.

बरं, मालक काम देत नाहीत अशी तक्रार कोणीच करणार नाही. कामं ढिगानं देतात. माल उतरवायचा, मोजायचा, लावायचा, विकायचा, वसुलीला जायचं, शटर ओढायचं, सगळं दिलेलं असतं. स्वतःकडे ठेवतात तो फक्त निर्णय. पूर्वी तिजोरीची किल्ली कमरेला असायची. आता ओटीपी मालकाच्या फोनवर येतो. जीएसटीचं विवरणपत्र भरायचं, बँकेतून पैसे पाठवायचे, वीजबिल भरायचं, प्रत्येकाचा ओटीपी त्या एकाच मोबाइलवर. मालक विमानात बसले की दोन तास अख्खा कारखाना फोन विमानतळावर उतरण्याची वाट बघतो.

माझ्या एका मित्राचं साड्यांचं दुकान आहे. बायकोनं अनेक वर्षं सांगून सांगून अखेर त्याला काश्मीरला नेलं. दल सरोवरात शिकारा, समोर बर्फाचे डोंगर आणि आमचा मित्र मोबाइलवर दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्र बघतोय. मध्येच त्यानं फोन लावला.

"अरे, मागच्या काउंटरवरचा पंखा कोणासाठी चालूय?"

"मालक, गिऱ्हाईक बसलंय."

"कुठंय? मला तर दिसत नाही."

"खांबाआड आहे, मालक."

"मग त्यांना पुढे बसव. आणि पंखा बंद कर."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, दुकानच का नाही आणलंत बॅगेत घालून?" मित्रानं ते ऐकलं नाही. खांबाआड बसलेलं गिऱ्हाईक पुढे येतंय का, ते तो बघत होता.

हसायला सोपं आहे, पण गल्ल्यामागे बसून बघितलं की मालकाचंही म्हणणं पटतं. दुकानाच्या भांडवलात बायकोच्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात. कधी काळी एखाद्या विश्वासू दिवाणजीनं वसुलीचे पैसे परस्पर फिरवलेले असतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. त्यात गिऱ्हाइकांचं कौतुक काय सांगावं! "मालक नाहीत का? मग संध्याकाळी येतो," असं म्हणून पाठ फिरवणारे आपणच असतो. कामगारानं दोन टक्के सांगितले तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं आणि तेच दोन टक्के मालकानं दिले की मान राखल्यासारखा. मालकाला गल्ल्याला बांधून ठेवणाऱ्या दोरीचं दुसरं टोक आपल्याच हातात असतं.

आणखी एक कारण आहे आणि ते सगळ्यात चिवट आहे. "याला सांगत बसण्यापेक्षा मीच करतो, पाच मिनिटांचं काम." हे रोज खरं असतं, म्हणूनच घातक. आज शिकवायला अर्धा तास जाईल, स्वतः केलं तर पाच मिनिटं, असा हिशेब मालक दररोज मांडतो, दररोज पंचवीस मिनिटं वाचवतो आणि ती पाच मिनिटं जन्मभर भरत राहतो.

यात औरंगजेबाची आठवण येते. 1681 च्या सुमारास हा माणूस दक्षिणेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. ऐंशी ओलांडल्यावरही साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत एकेका किल्ल्याच्या मोहिमेवर जातीनं हजर. सरदारांवर भरवसा नाही, मुलांवर तर त्याहून नाही. एका मुलानं बंड केलं, थोरल्याला त्यानं काही वर्षं कैदेत ठेवलं. सगळे धागे आपल्याच बोटांना गुंडाळून बसलेला हा मालक 1707 मध्ये अहमदनगरला गेला, तेव्हा मुलांच्यात लगेच तलवारी निघाल्या आणि पुढच्या काही वर्षांतच त्या अवाढव्य पेढीचं दिवाळं वाजायला लागलं.

त्याच काळात समोरच्या बाजूला काय चाललं होतं? 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराजांना दूर तामिळ मुलखात जिंजीला जावं लागलं. मधे शेकडो मैल आणि वाटेत मोगलांची ठाणी. 'विचारून सांगतो' म्हणायची सोयच नव्हती. महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपवला, सोबत 'हुकमतपन्हा' हा किताब आणि निर्णयाचे अधिकार. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक कामाला लागले. संताजी आणि धनाजी मोगलांच्या छावण्यांवर तुटून पडू लागले. आठेक वर्षं राजा इथे नव्हता आणि राज्य चालू होतं. संताजी-धनाजीत बेबनाव झाला, वतनांच्या मागण्या आल्या, सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. पण राज्य राहिलं. शिवाजी महाराज 1666 मध्ये आग्र्यात नजरकैदेत होते तेव्हाही जिजाबाईंच्या देखरेखीखाली इथला कारभार थांबला नव्हता, म्हणजे या घराला त्याचा सराव होता.

राज्याचं राहू द्या, पापडाचं बघा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आज लिज्जतच्या भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे. एवढ्या हातांनी, एवढ्या घरांत लाटलेला पापड चवीला सारखा कसा लागतो? पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं. ते बायका घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि परत आणून देतात. तिथे तपासणी होते. चव बिघडू शकते ती पिठात, म्हणून पीठ हातात ठेवलं. लाटणं सोडून दिलं. कोणी पोळपाटाशेजारी उभं राहून "बाई, जरा डावीकडे दाब" असं सांगत नाही. आमच्या मित्राचं नेमकं उलट आहे. सुरतेहून कुठला माल उचलायचा, हे एजंट सांगेल तसं; पंखा मात्र तो स्वतः बघतो.

हल्ली मालकांना हे शिकवणारी शिबिरं निघाली आहेत. एखाद्या तारांकित हॉटेलात एक टायवाला माणूस पडद्यावर बाण दाखवत कामं सोपवण्याचे टप्पे समजावतो. मालक मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात. चहाची सुट्टी झाली की सगळी गॅलरी फोनवर: "गाडी सोडू नकोस, मी येईपर्यंत थांब." "चेकवर सही? सांग उद्या येतील म्हणून." "कोणाला विचारून दिलास?" चहा गार होतो. पुन्हा सगळे आत जाऊन विश्वास या विषयावरचं पुढचं सत्र ऐकतात.

विश्वास हा शब्द मला या बाबतीत फार मोठा वाटतो. तो एका दिवसात बसत नाही आणि भाषणानं तर नाहीच. व्यापाऱ्याला कळणारी भाषा आकड्यांची आहे, तर आकड्यातच बोलावं. माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं हेच केलं. सुपरवायझरला सांगितलं, "पाचशे रुपयांपर्यंत मला विचारायचं नाही. चुकलास तर चुकलास, पाचशे गेले असं समजेन. पण विचारलंस तर ऐकून घेणार नाही." पहिल्या महिन्यात सुपरवायझरनं दोनदा महाग ग्रीस घेतलं. मालकाच्या पोटात कालवलं, पण तोंड बंद ठेवलं. ग्रीस जास्त महाग पडलं की आपलं तोंड उघडणं जास्त महाग पडलं असतं, याचा हिशेब त्यानं केला होता. पुढे पाचशेचे दोन हजार झाले, मग दहा. चुका थांबल्या नाहीत, पण स्वस्तातल्या झाल्या; आणि मुख्य म्हणजे सुपरवायझर भाव विचारायला शिकला, कारण आता घासाघीस करण्यात त्याची अब्रू होती.

नुकसानीची रक्कम आधी ठरवली की काळजीला कुंपण पडतं. हे सोसायला मालकाला एकच गोष्ट लागते: काम आपल्याहून थोडं वेगळ्या पद्धतीनं झालं तरी ते झालं, असं मानण्याची तयारी. मोळी उलट्या गाठीनं बांधली तरी जळण पेटतंच.

तेव्हा मालक, शेठ, साहेब, जे कोणी हे वाचत असाल, तुम्हाला एकच विनंती. तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या माणसाला उद्या बोलवा, एक रक्कम ठरवा आणि तेवढ्यापर्यंत विचारू नकोस असं चार जणांसमोर सांगा. रक्कम अकरा रुपये असली तरी चालेल. मग महिनाभर त्या रकमेबद्दल एक अक्षर बोलू नका. आणि आपण गिऱ्हाइकांनीही एवढं करावं: त्यानं भाव सांगितला की गल्ल्याकडे न बघता पैसे काढावेत.