हलवून बघणारा

आमच्या भाच्याला शांत झालेलं काही बघवत नाही. बाळाला तासभर थोपटून झोपवील आणि मग 'खरंच झोपलं ना?' म्हणून त्याच्या गालाला बोट लावील. सूनबाई म्हणतात, "ह्यांना ह्याचाच तर पगार मिळतो."

खोटं नाही. हा जर्मनीत एका प्रयोगशाळेत अणू गार करतो. गार म्हणजे केल्विनच्या अब्जांशांत मोजायचं गार. आधी लेसरने अणूंना अडवायचं, मग त्यांतले तापट तेवढे निसटू द्यायचे, की मागे राहिलेले हजारो अणू एकजीव होऊन एकाच लाटेसारखे वागू लागतात. बोस आणि आइनस्टाइन यांनी हे 1924-25 मध्ये कागदावर मांडलं, हाती यायला 1995 उजाडलं. एवढ्या मिनतवारीने मिळालेल्या शांततेचं हा काय करतो? चुंबकीय क्षेत्र कमीजास्त करत ती ढवळतो. अणूंची आपसातली ढकलाढकल त्या तालावर वाढते, उतरते आणि सपाट ढगात आपोआप नक्षी उठते. पट्टे, चौकटी. शिकागोच्या मंडळींनी 2020 मध्ये एकाहून अधिक वारंवारतांनी हलवून षट्कोनी नक्षीसुद्धा काढली. हे सांगताना त्याचा चेहरा जरासा पडतो.

"अरे, पण फॅरेडेने थरथरत्या पाण्यावर अशा लाटा 1831 सालीच पाहिल्या होत्या म्हणे," मी एकदा वाचून गेलो होतो.

"मामा, त्याच्या पाण्याला चिकटपणा होता. आमच्या ढगाला जवळजवळ नाहीच."

यावर मी काय बोलणार?

बरं, ही नक्षी बघायची तर प्रकाश टाकून सावलीचा फोटो घ्यावा लागतो, आणि त्या प्रकाशानेच ढगाची वाट लागते. पुन्हा श्रीगणेशा. त्यातून नक्षी दर वेळी वेगळ्याच कोनात बसते. सगळ्या फोटोंची सरासरी काढा, हाती सपाट करडा रंग. म्हणून एकेक फोटो फिरवून फिरवून दुसऱ्यावर बसवायचा. रात्रीची जेवणं त्यात जातात.

गेल्या वर्षी मुंजीला आला होता. वडिलोपार्जित विहिरीवरून एकमेकांचं तोंड न बघणारे आम्ही सगळे भाऊ मोठ्या मुश्किलीने एका पंगतीला बसलो होतो. मठ्ठा वाढून झाला. कोणी काही बोलत नव्हतं. तेवढ्यात हा गोड आवाजात म्हणाला, "मामा, त्या विहिरीचं शेवटी काय ठरलं हो?"

पाच मिनिटांत मांडवात सहा कोंडाळी. थोरले एका खांबापाशी, धाकटे त्यांच्या बरोब्बर समोर, मधल्या जागांत जावा आणि व्याही. ह्याने खुर्चीवर चढून फोटो काढला. फ्लॅश उडाला तशी मंडळी चपला शोधू लागली.

"पुढच्या कार्यात गट हेच असणार," खाली उतरत तो मला म्हणाला, "फक्त कोन वेगळा. लग्न कधी आहे?"