यानाची लांबी ठरवण्याची सोपी कृती

टीव्हीसाठी अंतराळातली मालिका काढताय? उत्तम. यान लागेलच, आणि ‘लांबी किती?’ असं विचारणारा एक तरी प्रेक्षक भेटेलच. घाबरू नका. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांनी १९६६ पासून वाट मळवून ठेवली आहे.

१. आकडा वेडावाकडा घ्या. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांनी तिच्यातल्या मुख्य यानाची, एंटरप्राइझची, लांबी ९४७ फूट धरली. हजार म्हटलं की अंदाजपंचे वाटतं. ९४७ म्हटलं की कुणीतरी टेप लावून आलंय. माणसं मात्र सढळ हाताने कोंबा. पहिल्या चाचणी भागात (पायलटमध्ये) २०३ होती, मालिकेत ४३० झाली. यान तेच. मुंबईच्या लोकलने येणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही.

२. छोटं यान आतून मोठं करा. एंटरप्राइझवरचं गॅलिलिओ हे छोटं शटल संवादात २४ फुटी, बाहेरून बुटकं. आत शिरलं की सगळे ताठ उभे. तर्कावर जगणारा अधिकारी स्पॉक वाकून चालला तर तर्कशास्त्राची अब्रू काय राहील? आपले बिल्डर बाहेरून मोठं आणि आतून लहान बांधतात. इथे उलटा कारभार.

३. नवं मॉडेल करू नका, पैसे पडतात. जुनंच कॅमेऱ्याच्या जवळ न्या. शत्रू असलेल्या क्लिंगॉनांचं ‘बर्ड ऑफ प्रे’ हे यान १९८४ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मूठभर माणसांचं होतं. १९८६ मध्ये त्यात दोन देवमासे पाण्यासकट मावले. १९९० मध्ये तेच मॉडेल अगडबंब युद्धनौका म्हणून आलं. कुणी हरकत घेतली तर शांतपणे सांगा, ‘तो वेगळा वर्ग आहे हो.’ नावही वेगळं द्या, म्हणजे तोंड बंद.

४. आता खरी कसोटी: लांबी छापू नका. अंतराळस्थानकावर घडणाऱ्या ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच मालिकेत डिफायंट हे यान १९९४ मध्ये अवतरलं. छोटं, चिवट, लढाऊ. स्थानकाला लागलं की एवढंसं, दुसऱ्या जहाजाशेजारी उभं राहिलं की तेवढं मोठं. इथवर ठीक होतं. पण १९९८ मध्ये तांत्रिक माहितीचं पुस्तक निघालं आणि त्यात ५६० फूट, म्हणजे सुमारे १७० मीटर, असं छापून आलं. मग चाहत्यांनी पट्टी काढली, खिडक्या मोजल्या, मजले मोजले आणि कित्येक जण १२० मीटरवर येऊन थांबले. मधले पन्नास मीटर म्हणजे ऑलिंपिकचा अख्खा पोहण्याचा तलाव. तो गेला कुठे? बिचारे रात्र रात्र जागून शोधतात. त्यांना चहा पाजा, उत्तर देऊ नका.

५. मजले हवे तितके चढवा. १९८९ च्या ‘द फायनल फ्रंटियर’ या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात नायक एंटरप्राइझवर लिफ्टच्या बोगद्यातून वर उडत जातात आणि भिंतीवर चक्क ७८ वा मजला दिसतो. पहिला मजला सगळ्यात वर असतो, हे तेवढं विसरायचं.

६. जागा कमीच पडली तर यान फुगवा. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातलं एंटरप्राइझ ७२५ मीटरवर गेलं, म्हणजे जुन्याच्या अडीचपट. त्याची इंजिनखोली बिअरच्या कारखान्यात चित्रित केली. टाक्या तयारच होत्या.

७. पत्रकाराने विचारलं तर संग्रहालयाचा पत्ता द्या. जुन्या मालिकेतल्या एंटरप्राइझचं चित्रीकरणाचं मॉडेल वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये ठेवलं आहे. त्याची लांबी कुणीही मोजून यावी: अकरा फुटांच्या थोडी वर.