पोटभाडेकरू व्हेरिकोसील यांस जाहीर पत्र

रा. रा. व्हेरिकोसीलराव,
मुक्काम : माझ्या नवऱ्याची डावी बाजू, अंडकोषाच्या जरा वर

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा पत्ता आम्हाला फार उशिरा लागला. यात तुमचा काही दोष आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही कुठे लपला होतात? तुम्ही म्हणजे फुगलेल्या शिरांचा गुंता. मिसरूड फुटायच्या सुमारास राहायला आलात आणि तेव्हापासून तिथेच आहात. माणूस उभा राहिला की फुगता, आडवा झाला की ओसरता. भाडं नाही, करार नाही, आवाज नाही. दुखलंच तर संध्याकाळी थोडं जड वाटल्यासारखं, आणि ते तर दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्या कुणालाही वाटतं. कुठल्याही डॉक्टरने नवऱ्याला उभं करून हात लावला असता तर तुम्ही सापडला असतात. पण लग्नाला दोन वर्षं होऊनही गोड बातमी येईना, तेव्हा आमच्या घराने झडती घ्यायला सुरुवात केली ती माझ्यापासून, आणि संपवली तीही माझ्यापाशीच. इतका बंदोबस्त पालकमंत्र्यांनाही मिळत नसेल.

हे पत्र नवऱ्याच्या परवानगीने लिहिते आहे. त्याचं नाव घालायचं नाही, ही त्याची एकच अट. तुमचं घातलं तरी चालेल म्हणाला.

तर झडतीचा पंचनामा ऐका, तुम्हाला बरं वाटेल. थायरॉईड तपासलं, प्रोलॅक्टिन तपासलं, एएमएच तपासलं. दिवसाआड पहाटे उठून अंडी मोजायच्या सोनोग्राफीला जायचं, पोटात पाणी भरून बाकावर बसायचं आणि नंबर लागेपर्यंत शेजारणीच्या पोटाकडे बघायचं नाही असं ठरवायचं. मग नळ्यांचा एक्सरे. तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगते : गार टेबलावर झोपवतात, गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी आत सरकवतात आणि औषध सोडतात. ते नळ्यांतून पुढे जाताना पोटात जो पिळा येतो, त्या वेळी टेक्निशियन ‘श्वास सोडा मॅडम, झालंच’ म्हणते. झालेलं नसतं. माझ्या दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. त्यावर सासूबाईंनी मला नरसोबाच्या वाडीला औदुंबराच्या प्रदक्षिणा घालायला पाठवलं. दत्तमहाराजांबद्दल माझी तक्रार नाही, वाडीला मी हौसेने जाते. फक्त प्रदक्षिणा घालणारी मी आणि बासुंदी खाऊन गाडीत डुलकी काढणारे तुम्ही, एवढंच जरा खटकलं.

या सगळ्या काळात नवऱ्याने काय केलं? गाडी चालवली. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला. फाइल धरली. तो वाईट नाही हो, माझ्या मागे घाबरून उभा होता बिचारा. पण त्याची स्वतःची तपासणी म्हणजे काय होती? दोन ते सात दिवस संयम, एक छोटी डबी, आणि तासाभरात प्रयोगशाळेत. सुई नाही, टेबल नाही, पिळा नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करा, असं वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगतंय. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूने काही ना काही सापडतं. ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घातली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे असलं काही नसतं.’ पुरावा म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं. पाच मुलं.

नवऱ्याचा पुरावा वेगळा होता. ‘मला काही प्रॉब्लेम असता तर तुला कळलं नसतं का?’ इथे मी तुम्हाला मनापासून दाद देते. तुम्ही त्या खात्याला हातसुद्धा लावत नाही! इच्छा जागच्या जागी, ताठरता जागच्या जागी, वीर्यही दिसायला नेहमीसारखं. कारण वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोश या ग्रंथींतून येतो. शुक्राणूंचा वाटा शेकड्यात जेमतेम दोन ते पाच. तो घटला काय आणि शून्य झाला काय, डोळ्यांना फरक दिसत नाही. आमच्या एसटी स्टँडपासून रेल्वे फाटकापर्यंतच्या भिंती ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिरातींनी रंगलेल्या आहेत, त्यांत ‘संतानप्राप्ती’ही त्याच ओळीत, त्याच रंगात. पुरुषाचं पुरुषपण आणि त्याची शुक्राणूंची संख्या ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्या भिंतीने कुणाला कळू दिलं नाही. रंगाचा खर्च तुम्ही देता का?

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं ते असल्याच विषयांवर उघड बोलण्यासाठी. बदल्यात अश्लीलतेचे खटले मिळाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंभर वर्षं होत आली. डबी अजून वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावी लागते.

आमचीही तशीच नेली. त्यात प्रयोगशाळेतला क्लार्क ओळखीचा निघाला, म्हणून नवऱ्याने घाईघाईत डबीवर माझं नाव लिहिलं. आतल्या मुलीने डबी उजेडात धरली, चिठ्ठी वाचली, पुन्हा डबी बघितली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘हे सॅम्पल मॅडमचं आहे?’ त्या दिवशी नवरा घरी येईपर्यंत बोलला नाही.

रिपोर्ट आला : एका मिलिलिटरमध्ये साठ लाख. नवऱ्याचा चेहरा उजळला. ‘साठ लाख! अगं, एक पुरे असतो ना?’ त्याला गणित समजावताना डॉक्टरांनाही हसू आवरेना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी खालची मर्यादा सांगितली आहे ती मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांपैकी सर्वांत तळाच्या पाच टक्क्यांची ही रेषा आहे. तिच्या खाली म्हणजे वांझ असं नव्हे, आणि वर म्हणजे खात्रीही नव्हे. शिवाय नुसती संख्या पाहत नाहीत. एकूण बेचाळीस टक्क्यांनी तरी हालचाल करावी, तीस टक्क्यांनी तरी पुढे पोहावं अशी अपेक्षा असते. आमच्यातले बरेचसे जागच्या जागी शेपटी हलवत होते. एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नाही म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली, कारण मध्ये जोराचा ताप येऊन गेला तरी पुढचे दोन-तीन महिने आकडा घसरलेला असतो. दुसरा रिपोर्टही पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला.

मग ती थोर घटना घडली. एका डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला पडद्याआड उभं केलं. मी अलीकडे खुर्चीवर होते. आतून आवाज आला, ‘श्वास रोखा. आता कुंथा. लाजू नका, कुंथा.’ मिनिटभर शांतता. ‘हं. हे बघा, हाताला लागतंय का?’ आणि नवऱ्याचा चकित आवाज : ‘हे... हे तर पहिल्यापासूनच आहे!’

पाठ्यपुस्तकात तुमचं वर्णन गांडुळांची पिशवी असं करतात म्हणे. तुमच्या तीन पायऱ्या असतात : कुंथल्यावरच हाताला लागणारे, नुसतं उभं राहिल्यावर लागणारे, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. तुम्ही तिसऱ्या पायरीचे, म्हणजे घरात सगळ्यांत मोठा फ्लॅट घेतलेले. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात आणि त्या बाजूचा अंडकोष दुसऱ्यापेक्षा लहान पडतो. रोमला दिसलात, आम्हाला दिसला नाहीत.

तुम्ही डावीकडेच का मुक्काम करता, हेही डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. उजव्या अंडकोषाकडून वर जाणारी शीर थेट पोटातल्या महाशिरेला तिरकी मिळते, हायवेला जोडरस्ता मिळावा तशी. डावीकडची बिचारी लांबून चढत जाते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात धडकते. तिच्यातल्या झडपा सैल असल्या की रक्त माघारी फिरतं, खाली साचतं, शिरा फुगतात. अंडकोष शरीराबाहेर टांगलेले आहेत ते उगाच नव्हे. शुक्राणू घडायला अंगाच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. तुम्ही तिथे कोमट रक्ताचं तळं करून बसता. त्या उबेने आणि साचलेल्या टाकाऊ द्रव्यांनी शुक्राणू कमी घडतात, घडले तर लंगडे, आणि त्यांच्या आतल्या डीएनएलाही इजा होते. डावीकडे बसून तुम्ही उजव्याचंही काम बिघडवता, हे विशेष. (अचानक फक्त उजवीकडेच कुणी उगवला तर पोटात गाठ वगैरे नाही ना, हे बघावं लागतं. तेवढी काळजी आम्हाला पडली नाही.)

आता न्यायाने बोलायचं तर सगळा आळ तुमच्यावर घालता येत नाही. शंभरातल्या पंधरा पुरुषांकडे तुम्ही असता आणि त्यांतले बरेच जण मुलांची फी भरून मेटाकुटीला आलेले असतात. पण मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या पुरुषांत तुमचं प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांवर जातं, तेव्हा संशयाला जागा आहे. म्हणून नियम असा की हाताला लागत असाल, रिपोर्ट बिघडलेला असेल आणि मूल हवं असूनही राहत नसेल, तरच तुमच्यावर कारवाई. नुसत्या सोनोग्राफीत दिसलात म्हणून पोट चिरायला निघालेल्या सर्जनपासून तुम्हालाही संरक्षण आहे. तुमच्याखेरीजचे संशयितही असतात. मोठेपणी झालेल्या गालगुंडाने सुजलेले अंडकोष, जन्मतः नसलेली शुक्रवाहिनी, एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असलेला क्लाइनफेल्टर, वाय गुणसूत्राचा गळलेला तुकडा. तंबाखू आणि भट्टीजवळची नोकरी यांचाही हातभार लागतो.

आणि एक तुमचा धाकटा भाऊ. त्याचं नाव टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, मुक्काम पोस्ट जिम. माझ्या मावसदिराकडे तो राहतो. छाती फुगली, दंडावरच्या शिरा फुगल्या, लग्न झालं, आणि शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू समजतो गोदाम भरलंय, आणि अंडकोषांना जाणारे हुकूमच बंद करतो. मग अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन आटतं आणि कारखान्याला कुलूप. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात हेच औषध दर आठवड्याला टोचून पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, आणि ते झकास चाललं होतं. मावसदीर ते मर्दानगी वाढवायला पैसे मोजून घेत होता. आणखी गंमत म्हणजे शुक्राणू कमी आहेत म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून देणारे डॉक्टरही भेटतात! इंजेक्शनं बंद केली की बहुतेकांचा कारखाना परत सुरू होतो, एचसीजी किंवा क्लोमिफेन देऊन त्याला ढकलतातही, पण सहा महिने ते वर्ष, कधी दोन वर्षं. तेवढ्या काळात बायकोला किती प्रदक्षिणा होतील, हिशोब करा.

असो. तुम्हाला घर रिकामं करण्याची नोटीस अशी : पुढच्या महिन्यात मांडीच्या वर बोटभर छेद देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, तुमची एकेक शीर बांधली जाईल. धमनी आणि लसिकावाहिन्या जपायच्या म्हणून सूक्ष्मदर्शक. त्यामुळे तुम्ही परत येण्याची शक्यता फार कमी राहते आणि अंडकोषाभोवती पाणीही सहसा भरत नाही. १९५० च्या दशकात एडिंबराच्या टुलॉक नावाच्या सर्जनने शुक्राणू शून्य असलेल्या माणसाच्या शिरा बांधल्या आणि पुढे तो बाप झाला, तेव्हापासून जगाने तुम्हाला गंभीरपणे घेतलं. निकाल लगेच मिळत नाही. एक शुक्राणू घडायला अडीच महिने लागतात, म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी. दहातल्या सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो. आपोआप मूल राहतं त्यांची संख्या त्याहून कमी.

हे सांगताना डॉक्टरांनी आधी माझं वय विचारलं. सदतीस-अडतीस असतं तर वाट बघू नका म्हणाले असते, थेट इक्सी सुचवली असती. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली : एक शुक्राणू काचेच्या सुईने उचलून थेट अंड्यात सोडायचा. वीर्यात एकही नसेल तर अंडकोषातून शोधून काढायचा. नवऱ्याचं ते ‘एक पुरे असतो’ अखेर खरं झालं म्हणायचं! फक्त त्या एकासाठी रोज पोटात इंजेक्शनं टोचून घ्यायची ती बायकोने, आणि भूल देऊन अंडी काढायची तीही तिचीच. गुन्हा त्याच्या डाव्या बाजूला, शिक्षा माझ्या पोटाला. ही वेळ आलीच तर मी तेही करीन, पण आधी तुमचा नंबर.

सासूबाईंना ऑपरेशनचं सांगितलंय. त्यांनी शेजारी ‘हर्निया’ असं कळवलं आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
तपासून झालेली

ता. क. : जाताना उजवीकडे पाहुणचाराला थांबू नये. डॉक्टरांनी दोन्ही बाजू हाताने तपासल्या आहेत.