उभ्या गाडीचं वय

‘कमी चाललेली’ या विशेषणाला जुन्या मोटारींच्या बाजारात जी किंमत येते, ती माणसांच्या बाजारात कधीच आलेली नाही. कमी चाललेल्या माणसाला आपण घरकोंबडा म्हणतो आणि पंधरा वर्षांत जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपुढे मात्र हात जोडून उभे राहतो. विकणाराही मग देवळातल्या पुजाऱ्यासारखा आवाज खाली आणतो. “सिंगल हॅन्ड, साहेब. डॉक्टरांची गाडी. दवाखाना आणि घर, बास.” या डॉक्टरांचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. आमच्या शहापूर-मुरबाडकडे विकायला निघालेल्या जुन्या गाड्या मोजल्या, तर प्रत्येक पाड्याला एक डॉक्टर मिळायला हवा होता. तसं काही दिसत नाही. डॉक्टर बहुधा गाड्या विकत घेऊन त्या उभ्या करून ठेवण्यातच गुंतलेले असावेत.

भाच्याला पहिली गाडी घ्यायची होती, नवी परवडणारी नव्हती, आणि “मामा, तुम्ही फक्त सोबत चला” अशी गळ त्याने घातली, तेव्हापासून या उभ्या गाड्या माझ्या डोळ्यांत भरू लागल्या. त्याआधी त्या दिसत नव्हत्या असं नाही. आसनगावच्या नव्या इमारतींखाली, शहापूरच्या जुन्या घरांच्या बाजूला काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वासिंदला, खर्डीला, राखाडी कव्हर पांघरून त्या वर्षानुवर्षं बसलेल्या असतात. कव्हरवर शेवग्याचा पाला पडतो, मांजर पिल्लं घालते, पावसाळ्यात कव्हराच्या घड्यांत शेवाळ धरतं. गाडीचा मालक सकाळी तिच्याकडे एकदा मायेने बघतो आणि शेअर रिक्षा पकडून आसनगाव स्टेशनला जातो. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ साली आली. तेव्हापासून इकडच्या माणसाचा लांबचा प्रवास रेल्वेच्या हवाली आहे. गाडी आहे ती लग्नकार्यासाठी, अडीनडीला, आणि मुख्य म्हणजे आहे म्हणून. त्यामुळे शहापूरच्या गाडीचं मीटर कमी दिसलं तर त्यावर विश्वास ठेवायला जागा असते.

मुरबाडचं तसं नाही. मुरबाडला रेल्वे अजून आलेली नाही. कल्याण तिथून तीसेक किलोमीटर. मोठा दवाखाना कल्याणला, खरेदी कल्याणला. मुरबाडच्या माणसाने पंधरा वर्षं गाडी बाळगली आणि ती वर्षाला बाराशे-तेराशे किलोमीटरच चालली, म्हणजे वर्षभरात त्याच्या कल्याणला वीस-बावीस फेऱ्याच झाल्या, तेही बाकी कुठे चाक हललं नाही असं धरलं तर. अशा वेळी गाडीपेक्षा मालकालाच जास्त प्रश्न विचारावेत. एसटीनेच जातो असं त्याने सांगितलं आणि खिशातून पास काढून दाखवला, तर त्या माणसाचा दोन्ही गुडघे टेकून सत्कार करावा. नाहीतर मीटर कुणीतरी मागे केलं आहे असं समजावं. जुनी काट्यांची मीटरं उघडून आकडे फिरवावे लागत. आता लॅपटॉप लावला की काही मिनिटांत गाडीची दहा वर्षं पुसली जातात. माणसांसाठी ही सोय निघेल तेव्हा निघो.

गाडी पाहायला निघालो की मला आमचे तात्या आठवतात. तात्यांनी आयुष्यात चारचाकी चालवली नाही, पण पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत त्यांच्याइतकं सावध गिऱ्हाईक नसे. खांबलिंगेश्वराला नारळ ठेवून ते जे बैलबाजारात शिरत ते दिवस कलल्याशिवाय बाहेर येत नसत. शिंगं साळून, त्यांवर हिंगूळ चढवून, पाठीवर झूल टाकलेला बैल दिसला की तात्या थांबतसुद्धा नसत. त्यांना आवडलेल्या बैलाची ते आधी स्तुती करत, मग खालचा ओठ बाजूला सारून दात बघत. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. बैलाचं वय मालकाच्या तोंडात वेगळं आणि बैलाच्या तोंडात वेगळं असू शकतं, आणि खरं असतं ते दुसरं. मग त्याला चालवून बघत, आणि सगळ्यात शेवटी खाली बसवून परत उठताना बघत. “उभा बैल कुणीपण दाखवील,” तात्या म्हणत, “उठतो कसा ते बघायचं.”

गाडीलाही दात असतात. फक्त ते जबड्यात नसतात. डॅशबोर्डवर पॉलिश आणि टायरवर काळा चकचकीत लेप दिसला की हिंगूळ समजून पुढे जावं, आणि वाकून ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघावं. एकोणीस हजार चाललेल्या गाडीत त्यावरच्या रेघा शाबूत असतात. ते घासून गुळगुळीत झालं असेल तर आकडा खोटा, आणि कोरं करकरीत असेल तर ते अलीकडे का बदललं हा प्रश्न. स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरच्या दांड्याची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे, हे सगळे साक्षीदार मीटरपेक्षा जुने आणि कमी बोलके, म्हणून जास्त खरे. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१० म्हणजे २०१० सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलेला टायर. आता इथे एक गंमत आहे. २०१० च्या गाडीला २०१० चेच टायर असतील तर मीटर खरं असण्याचा संभव वाढतो, पण टायर फेकून देण्याच्या लायकीचे. नक्षी खोल राहिली तरी रबर आतून वाळून कडेला तडे जातात. आणि टायर नवे असतील तर मालक एक तर फार जबाबदार, नाहीतर फार फिरलेला. दोन्ही बाजूंनी आपणच चिंतेत. स्टेपनीचा आकडाही बघून ठेवावा. तिला खोटं बोलायचं सहसा कुणी शिकवत नाही.

पण समजा, सगळं खरं निघालं. आकडा खरा, डॉक्टर खरा, दवाखाना खरा. तरी खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण चालण्याने गाडी झिजते हे जितकं खरं तितकंच न चालण्याने ती म्हातारी होते हेही. कधीमधी निघालीच तर घरापासून आसनगाव स्टेशन, दोन-तीन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. न तापलेल्या इंजिनातली ओल ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सरच्या आत साचते आणि त्याला आतून खाते. बॅटरी जितकी सुरू करताना खर्ची पडते तितकी परत भरत नाही. मालक मात्र निर्धास्त: “चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं?” ऑइल वर्षातून एकदा बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. ब्रेकचं तेल हवेतली ओल पिऊन घेतं, म्हणून तेही दोनेक वर्षांनी बदलायचं. आणि आपल्याकडची हवा तर काय, जूनपासून चार महिने पिळून दोरीवर टाकावी अशी. पट्टे, नळ्या, दारांची रबरं, इंजिनातली सीलं चुपचाप कडक होत जातात. हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभी केलेली गाडी चतुर्थीला काढायला जावी तर मागचे ब्रेक ड्रमला धरून बसलेले. त्यात २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. २०१० सालच्या गाडीच्या नळ्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. आणि शेडशेजारी भाताच्या पेंढ्याची उडवी असेल तर एअर फिल्टरचा डबा जरूर उघडावा. तिथे उंदरीण बाळंतीण होऊन गेलेली असते आणि जाताना दोन-चार वायरी माहेरची आठवण म्हणून कुरतडून गेलेली असते.

पाण्याचा एक वेगळाच संशय आमच्या भागात बाळगावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो मुंबईच्या नावावर जमा आहे, पण उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांनी त्या दिवशी काठच्या गावांनाही सोडलं नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात उभी राहिली, तेव्हा बदलापूर-कल्याणकडच्या इमारतींखाली उभ्या असलेल्या गाड्याही पाण्यात होत्या. त्यांतल्या कित्येक नंतर पुसूनपासून घाटाच्या दिशेला विकायला निघाल्या असतील तर नवल नाही. म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघावा. धुणाऱ्याने गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या गुंडाळीतला गाळाचा डाग त्याच्या ध्यानात येत नाही. सीटखालचे स्क्रू गंजलेले आहेत का, गालिच्याखाली हात घातला तर ओल लागते का, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, आणि आत अगरबत्तीचा वास जरा जास्तच येतो आहे का, हे बघावं. देवभक्त मालक असतात, नाही असं नाही. पण गाडीत इतकी भक्ती सहसा खालून येणारा वास झाकण्यासाठी असते.

तात्यांचं ‘उठताना बघणं’ मात्र सगळ्यात उपयोगी. गाडी बघायला सकाळी लवकर जावं आणि मालकाला आधीच बजावावं की आम्ही येण्याआधी सुरू करू नका. पोचल्यावर नमस्कार करता करता हात सहज बॉनेटवर ठेवावा. बॉनेट गरम लागलं की समजावं, आपल्यासाठी तिला आधीच उठवून तोंड धुऊन ठेवलेलं आहे. थंड गाडी सुरू होताना किती कण्हते, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो का, हे एका मिनिटात कळतं. निळा धूर म्हणजे सीलं कडक होऊन ऑइल आत जळतं आहे. मग तिला चांगली तासभर चालवायची. शहापुरातून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की खड्डे, वळणं आणि चढउतार सगळे विनामूल्य उपलब्ध आहेत. खिडक्या उघड्या ठेवून ऐकत जावं. तासाभराने तापमानाचा काटा कुठे थांबतो, एसी चढावर दम टाकतो का, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतो का, हे बघायला आणखी वेगळा मेकॅनिक लागत नाही. तरी एक ओळखीचा मिस्त्री सोबत असावा. तो फारसं काही बोलत नाही, गाडीखाली पाठीवर सरकतो, पत्र्याला बोटांनी टिचक्या मारतो आणि “भाऊ, बघा तुम्ही” म्हणतो. या तीन शब्दांचा स्वर ओळखता आला की निम्मं काम झालं.

कागदांत तर कादंबऱ्या असतात. चेसिसचा नंबर आरसी बुकाशी अक्षर अक्षर जुळवायचा. पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवली आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का हे बघायचं, नाहीतर ती यात्रा आपल्याला करावी लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी नंबरप्लेट बसवली आहे का. दंडाची चलनं थकली आहेत का. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला, आणि ती बँकच आता नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिच्या नावाचा बोजा उतरवायला दाखला आता बडोद्याचा आणायचा. विकत घेताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. कमी चाललेल्या गाड्यांच्या फायलीत हा एकतीस नंबरचा फॉर्म जरा जास्त वेळा सापडतो.

भाच्याने शेवटी घेतली ती गाडी एका निवृत्त मास्तरांची. किन्हवलीच्या पुढे, आवारात जांभळाच्या झाडाखाली शेड. मास्तरांनी फाइल पुढे ठेवली. वर्षाला एक, अशी सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनुसार टोचलेली. प्रत्येकावर किलोमीटरचा आकडा लाल शाईने अधोरेखित. आकडे इतके हळू सरकत होते की वाचताना वर्ग चालू असल्यासारखं वाटलं. फाइलच्या शेवटच्या पानावर वेगळ्याच हाताने लिहिलेली गावांची यादी होती. पंढरपूर, गणपतीपुळे, कोल्हापूर, गोंदवलं, माहूर. पहिल्या दोहोंपुढे बरोबरच्या खुणा होत्या. मग मास्तरीणबाईंचे गुडघे, मग मुलाची परगावची नोकरी, मग बाई गेल्या. त्यानंतरही मास्तर दर वर्षी ऑइल बदलत राहिले, दसऱ्याला झेंडूची माळ घालत राहिले आणि रविवारी आवारातून फाटकापर्यंत गाडी नेऊन परत आणत राहिले. आम्ही टायरवरचे आकडे वाचले, बॉनेटवर हात ठेवला, बेल्ट ओढला. मास्तर तपासनिसांपुढे उभ्या असलेल्या मुलासारखे शांतपणे बाजूला उभे होते. भावासाठी ठरवलेली वाक्यं भाच्याने गिळली आणि घासाघीस थोडीशीच केली. पैसे मोजून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, “लांब न्याल ना हिला?” भाचा म्हणाला, “नेऊ, गुरुजी.”

लांब नेण्याआधी पहिल्या महिन्यात चारही टायर, बॅटरी, पट्टे, पेट्रोलच्या आणि पाण्याच्या नळ्या, मागचे ब्रेक, सगळी तेलं, एवढं बदलावं लागलं, आणि यात मास्तरांचा काहीही दोष नव्हता. कमी चाललेली जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हा खर्च आधीच मिस्त्रीकडून काढून घ्या, भाव करताना तो वजा करा, आणि मीटरपेक्षा मालकाला जास्त वेळ द्या. गाडी का चालली नाही याचं पटणारं उत्तर मिळालं नाही, तर गाडी कितीही चकचकीत असो, सरळ परत या.