कारंजात बसून मोंझा जिंकण्याचा विधी

कारंजा लाडमध्ये रेसिंगचा ट्रॅक नाही, हे साधकाने आधी विसरावे. इटलीच्या कुनोस कंपनीने 2019 साली 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' हा रेसिंग गेम पूर्ण स्वरूपात बाजारात आणला, तेव्हापासून 5.793 किलोमीटरचा मोंझा ट्रॅक गच्चीवरच्या खोलीतही मावतो. सामग्री : संगणक, स्टिअरिंग, पेडल आणि घरच्यांची वामकुक्षी.

आरंभ हवेपासून. या गेममध्ये कोरड्या ट्रॅकवर जीटी3 वर्गातल्या रेसिंग गाडीच्या तापलेल्या टायरचा दाब साधारण 26 ते 27 पीएसआय लागतो. म्हणून पिटमधून निघताना तो कमीच ठेवावा. टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दाब एक ते दीड पीएसआय चढतो. दोन-तीन फेऱ्यांत हिशेब जुळतो. वैशाखातल्या विदर्भाचे तापमान गेममध्ये भरण्याचा स्वाभिमान मात्र टाळावा.

मग टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान पाहावे. मधलाच भाग जास्त तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर कमी. आतली कड फारच तापली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला कल, घटवावा.

वळणावर गाडीचे नाक बाहेर पळाले तर पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) मऊ करावा, शेपूट फिरली तर मागचा. एका वेळी एकच बदल! पाच एकदम केले आणि वेळ सुधारली, तर रस्त्याच्या उद्घाटनासारखी श्रेयाची ओढाताण सुरू होते. वेळ बिघडली तर दोष सेटअपचाच. मोंझाच्या रेत्तिफिलो वळणावर उशिरा ब्रेक दाबणारा पाय निर्दोष.

एवढा सूक्ष्म अभ्यास करून साधक खाली येतो, घरच्या कारच्या टायरला लाथ मारतो आणि 'हवा बरोबर आहे' असा निकाल देतो.

पुढे कारंजाच्या इंटरचेंजवरून तो 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर चढतो. सपाट भागात तिथे कारला ताशी 120 ची मुभा आहे. 'उन्हाळा आहे, हवा जरा कमीच बरी,' हा गेममधला हिशेब इथे उलटतो. कमी हवेचा टायर चाकाच्या प्रत्येक फेरीला जास्त दबतो, त्याच्या भिंती वाकतात, उष्णता साचते आणि तो फुटू शकतो. कंपनीने ड्रायव्हरच्या दाराजवळ छापलेला आकडा थंड टायरचा असतो. तापल्यावर वाढणारा दाब त्यात गृहीत धरलेला असतो.

तेव्हा तापलेल्या टायरमधली हवा काढू नका. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना गेज लावून मोजा, स्टेपनीचीही.